जर्मनीत तुम्ही, गावी घरचे: कुटुंबाच्या व्हिसातल्या रांगा कशा ओळखायच्या

मी नर्स म्हणून जर्मनीला निघाले तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. निघताना मी तिला शब्द दिला होता, दिवाळीला तू आणि बाबा माझ्याकडे. ती दिवाळी गेली, पाठोपाठ पाडवाही गेला आणि मे महिन्यात दोघं विमानातून उतरली. पंधरा महिने झाले होते. नंतर एका सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि ते पंधरा महिने कुठे गेले ते तारखांसकट मांडलं. अर्ज दाखल झाल्यापासून व्हिसा मिळेपर्यंतचे फक्त पाच महिने निघाले. बाकीचे दहा महिने आमचेच कागद, नवऱ्याची भाषेची परीक्षा आणि माझी घराची शोधाशोध यांत गेले होते.

म्हणून "व्हिसाला किती महिने लागतात?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "तुम्ही आत्ता कोणत्या रांगेत उभे आहात?" इथे रांग एक नाही. काही रांगा आपल्या हातातल्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच वेळी लावता येतात. सरकारी रांगा मात्र एकीमागून एकच लागतात. आम्ही आपल्या हातातल्या रांगाही एकेक करून लावल्या. तुम्ही तसं करू नका. महाराष्ट्रातून जर्मनीला आलेल्या आणि मागे नवरा, बायको किंवा मुलं ठेवून आलेल्या कामगारांसाठी हे लिहिते आहे.

१. आधी तुमच्या परवान्यावरचं कलम वाचा

तुमचा व्हिसा किंवा निवासकार्ड काढा आणि त्यावर जर्मन निवास कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय ते बघा. सगळ्या अटी त्यावर ठरतात. व्हॉट्सॲपवर "माझ्या मित्राच्या बायकोला भाषा लागली नाही" असं वाचून लोक निर्धास्त होतात, पण त्या मित्राचं कलम वेगळं असतं.

१८जी म्हणजे ब्लू कार्ड, ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांचा युरोपीय परवाना. १८बी पदवीधर कुशल कामगारांचं आणि १८ए मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण असलेल्यांचं, म्हणजे मान्यता मिळालेल्या नर्सचंसुद्धा. या तिघांच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या ए१ प्रमाणपत्राची अट नाही. १ मार्च २०२४ पासून जोडीदार आणि अल्पवयीन मुलांसाठी पुरेसं मोठं घर दाखवण्याची अटही यांना उरलेली नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच नर्स मात्र सुरुवातीला १६डी वर येतात. पदवीला जर्मनीत मान्यता मिळवण्याच्या काळातला हा परवाना आहे. त्याला या सवलती लागू नाहीत, म्हणजे ए१ ही हवं आणि घरही हवं. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी १६ए वर आलेल्यांनाही तेच.

माझी मान्यतेची परीक्षा जवळ आली होती, आणि अर्ज दाखल केल्यावर महिन्याभरात मी १६डी वरून १८ए वर गेले. तुमचीही परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल तर हिशोब करून बघा. आधी मान्यता आणि मग अर्ज असं केलं तर दोन अटी कमी होतात. पण परीक्षा सहा-आठ महिने लांब असेल तर थांबू नका, ए१ च्या तयारीला लागा.

लग्नाची तारीखही बघितली जाते. ब्लू कार्ड आणि मान्यताप्राप्त कुशल कामगारांना ती अडवत नाही. इतर काही परवान्यांत लग्न परवान्याच्या आधीचं आहे की नंतरचं, यावर हक्क अवलंबून असतो. जोडीदार दोघंही किमान १८ वर्षांचे हवेत.

आणि ज्यांची अजून भारतात नोकरीची बोलणी चालू आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण मला ते फार उशिरा कळलं. कंपनी किंवा रुग्णालय ४११ युरो शुल्क भरून कुशल कामगारांसाठीची जलद प्रक्रिया सुरू करू शकतं. कायद्यातलं हे कलम ८१ए. जोडीदार आणि अल्पवयीन मुलांचे अर्ज त्याच सुमारास, म्हणजे सहा महिन्यांच्या आत येणार असतील तर त्यांनाही ह्याच प्रक्रियेत धरता येतं. जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयाची पूर्वसंमती मिळाली की वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि पूर्ण अर्जावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा, असा नियम आहे. करारावर सही करण्याआधीच एचआरला विचारा, "माझ्या कुटुंबाचं नाव ह्यात घालाल का?" सही झाल्यावर हा प्रश्न कुणी मनावर घेत नाही.

२. नावं जुळवा, आणि हे आजच सुरू करा

आमचे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. जर्मन अधिकाऱ्याला आपली नावाची पद्धत माहीत नसते. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत तर लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. त्याच्यासमोर असतात तीन कागद आणि त्यांवर तीन वेगळ्या बायका.

माझी पदवी आणि नर्सिंग नोंदणी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर. विवाह प्रमाणपत्रावर अर्थातच माहेरचं नाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात सासरचं नाव होतं, पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए कमी. त्या एका अक्षरासाठी सासऱ्यांनी नगरपालिकेत किती खेपा घातल्या त्याची मोजदादच नाही.

तुम्ही असं करा. एका कागदावर रकाने आखा: तुमचा पासपोर्ट, जोडीदाराचा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि मुलाचा पासपोर्ट. प्रत्येकावरचं प्रत्येक नाव इंग्रजी अक्षरांनिशी जसंच्या तसं उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करा. त्या लाल खुणा म्हणजेच तुमची पहिली रांग.

मग दुरुस्तीचा क्रम ठरवा. जन्मदाखला जिथे नोंद झाली तिथेच दुरुस्त होतो, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या निबंधकाकडे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातलं कलम १५ ह्यासाठी आहे. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर कलम १४ खाली ते घालून घ्या. पासपोर्टची दुरुस्ती शेवटी करा, कारण ती ह्याच कागदांच्या आधारे होते. "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र" लोक हौसेने करून ठेवतात. मूळ कागद दुरुस्त होण्यासारखा असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. ते सोबत जोडायचा कागद आहे, दुरुस्तीची जागा त्याने भरत नाही. माहेर-सासरच्या नावातला फरक दाखवायला मात्र ते उपयोगी पडतं.

लग्नाची नोंदणीच झाली नसेल तर आज करा. लग्नपत्रिका आणि फोटो पुरावा म्हणून सोबत लागतात, पण नोंदणीच्या प्रमाणपत्राऐवजी चालत नाहीत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस हिशोबात धरा.

अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, याबद्दलही एक सावधगिरी. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला. त्यामुळे एजंटाला पैसे देऊन मारून घेतलेला तो शिक्का जर्मन कार्यालयाच्या दृष्टीने कागद खरा असल्याचा पुरावा ठरत नाही. शंका आली तर ते भारतातल्या आपल्या वकिलातीमार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतात. तिचा खर्च अर्जदाराकडे येतो आणि तिला काही महिने लागू शकतात. पडताळणीची वेळ येऊ नये याचा उपाय एकच, सगळे कागद आपसांत जुळलेले असणं.

फक्त मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर लागतं. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्या आणि नावांचं स्पेलिंग त्यावरूनच घ्यायला सांगा. नाहीतर तो स्वतःच्या मनाचं चौथं स्पेलिंग तयार करतो.

३. ए१ लागत असेल तर

ए१ म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन: स्वतःची ओळख, वेळ, खरेदी, छोटा फॉर्म भरणं, दोन-चार ओळींचं पत्र. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० गुण मिळाले की पास. आपल्याकडे ही संस्था मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते आणि मुंबई-पुण्यात तिची केंद्रं आहेत. टेल्क आणि ओएसडी यांची प्रमाणपत्रंही चालतात. क्लासने स्वतः दिलेलं प्रमाणपत्र चालत नाही, मग त्यावर ए१ कितीही ठळक छापलेलं असो.

परीक्षेच्या जागा लवकर भरतात. अभ्यास पूर्ण झाल्यावर तारीख शोधण्यापेक्षा तारीख आधी घ्या आणि तिच्या हिशोबाने अभ्यास करा. माझ्या नवऱ्याने क्लास संपल्यावर तारीख शोधली आणि त्यात दोन महिने गेले.

४. घर आणि पगार

घराची अट लागू असेल तर साधा हिशोब असा: सहा वर्षांवरील प्रत्येकाला १२ चौरस मीटर, सहाच्या आतल्या मुलाला १० आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ धरत नाहीत. शिवाय स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय वापरता यायला हवं. आमच्या तिघांना ३४ चौरस मीटर लागत होते. रुग्णालयाच्या वसतिगृहातली एकटीची खोली ह्यात बसत नाही, आणि बहुतेक नर्स तर तिथेच राहतात.

इथे मन कात्रीत सापडतं. मोठं घर लवकर घेतलं तर रिकाम्या खोल्यांचं भाडं भरायचं, उशिरा घेतलं तर अर्ज अडतो. माझं मत असं की घर शोधायला लवकर लागा आणि करार पुढच्या तारखेपासूनचा मिळतो का बघा. असा करार चालेल का, हे तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पगाराचा सर्वांना लागू असा एकच आकडा नाही. भाडं आणि कुटुंबाचा मूलभूत खर्च एका बाजूला, तुमच्या हातात येणारा पगार दुसऱ्या बाजूला, असं कार्यालय मोजतं. काही ठिकाणी नोकरीचा परिवीक्षा काळ संपलाय का तेही विचारतात. सरकारी आरोग्यविमा असेल तर कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता त्यातच येतात. विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या, ते मोफत मिळतं.

५. अर्ज

दाखल करण्याआधी हा संच पूर्ण आहे का बघा. एक कागद राहिला तरी फाइल बाजूला पडते.

भारतातून: जोडीदार आणि मुलांचे पासपोर्ट, अलीकडचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो, विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, भाषांतरं आणि लागू असेल तर ए१.

जर्मनीतून: तुमच्या पासपोर्टची आणि निवासकार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, नोकरीचा करार, किमान शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, घराचा भाडेकरार, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि विम्याचं पत्र.

१ जानेवारी २०२५ पासून जगभरच्या सगळ्या जर्मन व्हिसा कार्यालयांसाठी राष्ट्रीय, म्हणजे लांबच्या मुक्कामाच्या व्हिसाचे अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात. तिथे कागद चढवले की आधी त्यांची तपासणी होते, काही कमी असेल तर कळवतात आणि मग भेटीची वेळ मिळते. भेटीत बोटांचे ठसे देऊन मूळ कागद दाखवायचे. महाराष्ट्रातल्या अर्जदारांची फाइल मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जाते. व्हिसा शुल्क प्रौढांना ७५ युरो आणि अल्पवयीनांना ३७.५० युरो, भरायचं रुपयांत. वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क वेगळं.

प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतंत्र असतो. आई-वडिलांपैकी एक जण भारतातच राहणार असेल तर त्याची संमती लागते.

"लवकरची तारीख मिळवून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. तारीख विकायला कुणालाच दिलेली नाही.

६. खरी वाट इथे बघावी लागते

लोकांना वाटतं फाइल मुंबईत पडून आहे. बहुतेक वेळा ती मुंबईत नसतेच. वकिलात ती जर्मनीत, तुम्ही राहता त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे पाठवते. इथले लोक त्याला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. त्याची संमती आल्याशिवाय व्हिसा छापला जात नाही. म्हणून एकाच आठवड्यात अर्ज केलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीचा नवरा सहा आठवड्यांत येतो आणि दुसरीचा सहा महिन्यांनी, कारण दोघींची शहरं वेगळी आणि शहरागणिक कामाचा बोजा वेगळा. साधारण तीन महिने धरून चाला, मोठ्या शहरात जास्त.

ह्या टप्प्यावर भारतातल्या माणसाने रोज ईमेल करून काही होत नाही. हलायचं ते जर्मनीतल्या माणसाने.

अर्जानंतर चार-पाच आठवड्यांनी तुमच्या कार्यालयाला एक छोटा ईमेल करा. जोडीदाराचं पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, अर्जाची तारीख, अर्जाचा क्रमांक आणि एकच प्रश्न: फाइल पोचली का आणि माझ्याकडून काही कागद हवेत का? जर्मनमध्ये लिहा, सहकाऱ्याकडून तपासून घ्या. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी त्याच ईमेलला जोडून पुन्हा विचारा. दर दोन दिवसांनी लिहू नका.

आता पोस्टपेटी. कार्यालय कागद मागवतं ते बऱ्याचदा साध्या पत्राने. नव्या घराच्या पोस्टपेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, मी माझं लावलं नव्हतं. पगारपावत्या मागणारं पत्र परत गेलं. ते मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते आणि तिकडे मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "आई, आलं का पत्र?" घरात पाऊल टाकलं त्या दिवशीच पेटीवर आणि बेलवर नाव लावा, पासपोर्टवर आहे तेच.

शहर बदलू नका, निदान ह्या काळात. पत्ता दुसऱ्या शहरात गेला की फाइल नव्या कार्यालयाकडे जाते आणि तिथल्या रांगेत मागे उभी राहते. नोकरी बदलली किंवा परवान्याचं कलम बदललं तर मात्र लगेच कळवा. मी १८ए वर गेल्याचं कळवल्यावर घराचा प्रश्न फाइलमधून निघूनच गेला.

आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत आहे. अर्ज करण्याआधीच तुम्ही तुमच्या कार्यालयाकडे पूर्वसंमती मागू शकता, जर्मनमध्ये फोराबत्सुश्टिमुंग. ती द्यायचीच असं त्यांच्यावर बंधन नाही आणि बरीच कार्यालयं नकार देतात. पण मिळाली तर ही सगळी रांग आधीच पार होते. विचारायला पैसे पडत नाहीत.

भारतातल्या जोडीदाराने व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत राजीनामा देऊ नये, तिकीट काढू नये, मुलाचा शाळेचा दाखला काढू नये. नोटीस पीरियड मोठा असेल तर प्रवासाची तारीख अर्जात तसा विचार करूनच लिहा, व्हिसाची सुरुवात त्याला धरून होते.

७. खूपच उशीर झाला किंवा नकार आला तर

युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार कुटुंब एकत्र येण्याच्या अर्जावर लेखी निर्णय नऊ महिन्यांच्या आत मिळायला हवा. अपवादात्मक गुंतागुंतीच्या प्रकरणातच तो पुढे जाऊ शकतो. ब्लू कार्डधारकांच्या कुटुंबासाठी २०२१ च्या निर्देशात ९० दिवस आहेत. जर्मन कायद्यात, सबळ कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. वकील सक्तीचा नाही, पण खर्च येतो, आणि तीन महिने भरले म्हणून लगेच धावत जाण्यात अर्थ नाही. पण सात-आठ महिने काहीच हालचाल नसेल तर वकिलाचं एक पत्रसुद्धा फाइल वर काढू शकतं.

नकार आला तर जुनी माहिती वाचून "फेरविचाराचा अर्ज" लिहीत बसू नका. ती पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता दोनच मार्ग आहेत: उणीव भरून नवा अर्ज, किंवा पत्रात दिलेल्या मुदतीत बर्लिनच्या न्यायालयात दावा. नकार कागदाच्या उणिवेमुळे असेल तर नवा अर्ज बहुधा लवकर सुटतो.

८. व्हिसा आल्यावर

व्हिसावरची नावं आणि तारखा तिथल्या तिथे तपासा. प्रवासाच्या दिवसापासूनचा आरोग्यविमा घ्या, जर्मनीतला विमा सुरू होईपर्यंत तो लागतो.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं पत्र हवं. मग विमा, आणि व्हिसाची मुदत संपण्याच्या बरंच आधी निवासकार्डासाठी अर्ज. ही भेट मिळायलाही वेळ लागतो, म्हणून तारीख मागण्याचा ईमेल विमान उतरण्याआधीच करून ठेवला तरी चालतो. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते, वेगळा कामाचा परवाना लागत नाही. माझ्या नवऱ्याला हे माहीत नसल्यामुळे तो कार्डाची वाट बघत दोन महिने घरी बसला.

मुलांसाठी किंडरगेल्डचा, म्हणजे सरकारी बालभत्त्याचा अर्ज करा. २०२६ पासून ते दरमहा प्रत्येक मुलामागे २५९ युरो आहे, आणि मागच्या सहाच महिन्यांचं मिळतं, म्हणून उशीर करू नका. बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, नाव मुलं यायच्या कितीतरी आधी नोंदवा, तिथेही प्रतीक्षायादी असते. किटा आणि शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा मार्च २०२० पासून सक्तीचा आहे. लसीकरणाचं कार्ड सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि त्यावरच्या नोंदी फक्त मराठीत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन आणा.